आधी रेषा की आधी तांब्या?

रेखाटनाचा पाया पाच गोष्टींवर उभा असतो : हवी तिथे नेता येणारी रेषा, आकारांचे परस्परप्रमाण, वस्तूची घनता, छायाप्रकाश आणि अंतरामुळे दिसण्यात पडणारा फरक, म्हणजे यथार्थदर्शन. या पाचही गोष्टी सरावाने येतात, याबद्दल शिकवणाऱ्यांत फारसे दुमत नाही. दुमत आहे ते क्रमाबद्दल. एका मतानुसार नवशिक्याने आधी सुट्या रेषा, वर्तुळे, घनाकृती आणि छटा यांवर हात बसवावा, मगच वस्तूकडे वळावे. दुसऱ्या मतानुसार पहिल्या दिवसापासून समोर खरी वस्तू हवी; रेषा तिच्या ओघाने सुधारते.

सोलापुरात दोन्ही मतांना भक्कम आधार सापडतो. महाराष्ट्रातल्या इतर गावांप्रमाणे इथल्या शाळांतली मुलेही कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन अशी ठरलेली विभागणी तिथे असते, आणि तयारीही तशीच शिस्तीने होते. शिवाय हे चादरी आणि टॉवेल विणणारे शहर आहे. जकार्ड मागावर चढणारी प्रत्येक नक्षी आधी कोणीतरी कागदावर काढलेली असते. दुसरीकडे सिद्धेश्वर तलावाचा काठ, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, इंद्रभुवन इमारतीची दर्शनी बाजू आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी वही घेऊन येणाऱ्याला वर्षभर विषय पुरवतात. पुढच्या संवादातला कलाशिक्षक आणि रेखाटनकार म्हणजे कोणी विशिष्ट माणसे नव्हेत. परीक्षेच्या शिस्तीतून आलेली एक भूमिका आणि उघड्यावर बसून काढण्याच्या सवयीतून आलेली दुसरी, अशा या दोन भूमिका आहेत.

कलाशिक्षक : नवशिक्याच्या कागदाकडे एकदा नीट बघा. रेषा तुटक असते, एकाच जागी पाच-सहा वेळा खरडलेली असते. त्याला काय काढायचे ते कळत नाही असे नाही, हातच ऐकत नाही. म्हणून पहिला महिनाभर आडव्या, उभ्या, तिरप्या रेषा. कागदावर दोन बिंदू द्यायचे आणि एका दमात जोडायला लावायचे. मनगट धरून ठेवायचे, हात खांद्यातून फिरवायचा. रेषा उमटवण्याआधी पेन्सिल कागदाच्या किंचित वरून दोन-तीनदा फिरवून वाट पक्की करायची, मग टेकवायची.

रेखाटनकार : सर, खांद्यातून हात फिरवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मोठ्या कागदावर काढणाऱ्याला ते शिकावेच लागते. पण दोन बिंदू जोडायला महिना कशाला? सोलापुरात घरोघरी ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायका आहेत. तेलुगू घरांत तीच मुग्गू म्हणून निघते. वर्षानुवर्षे त्या ठिपके जोडतात, वळणे घेतात, चिमटीतून पीठ एकसारखे सोडतात. हात तयार असणे म्हणजेच रेखाटन येणे असते, तर त्यांतल्या प्रत्येकीला समोरचा तांब्या सहज काढता आला असता. तो येत नाही, कारण तांब्यावर ठिपके नसतात. ते कुठे आहेत हे डोळ्यांनी शोधावे लागते.

इथे वादाचे मर्म उघडे पडते. रेषेचा सराव हाताला दिलेली जागा गाठायला शिकवतो. ती जागा कोणती हे सांगण्याची सोय त्यात नाही. नवशिक्याच्या बहुतेक चुका दुसऱ्या प्रकारच्या असतात. तांब्याचा गळा प्रत्यक्षात पोटाच्या निम्म्या रुंदीचा दिसत असतो आणि कागदावर तो पाऊण होतो. ओळखीची वस्तू दिसली की मन आधीच ठरलेले चिन्ह पुढे करते, आणि डोळ्यांपुढचा आकार मागे पडतो.

कलाशिक्षक : मग मापाचाही सराव करावाच लागेल. हात कोपरात न वाकवता सरळ पुढे धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत गळ्याची रुंदी पकडायची आणि ती पोटावर किती वेळा बसते ते मोजायचे. वस्तुचित्राच्या तासाला मी हेच शिकवतो.

रेखाटनकार : आणि ते वस्तू समोर असल्याशिवाय शिकवता येत नाही, सर. मी तरी दुसरे काय म्हणतो? मापाबरोबर तिरपेपणाही तसाच पकडायचा. पेन्सिल उभी धरून बादलीची कड तिच्यापासून किती झुकली ते पाहायचे, मग तोच झुकाव कागदावर आणायचा. बादलीची कडी काढायची तर आधी कडी आणि काठ यांच्यामधली रिकामी जागा काढायची. त्या रिकाम्या जागेला नाव नसते, त्यामुळे मन तिथे लुडबुड करत नाही.

मनाची ही लुडबुड टाळण्याचा एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकन शिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी 1979 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दिला. पिकासोने काढलेले संगीतकार स्त्राविन्स्कीचे रेखाचित्र उलटे ठेवायचे आणि ते तसेच उलटे उतरवायचे. नाक, हात, खुर्ची ही नावे सुचेनाशी झाली की रेषांची दिशा आणि अंतरे दिसू लागतात, आणि कधीही न काढलेल्या माणसाची नक्कलही बरीच जुळते. घरी हाच प्रयोग वर्तमानपत्रातल्या कोणत्याही रेखाचित्रावर करता येतो.

क्रमाचा हा वाद जुना आहे. मुंबईत सर जे. जे. कलाशाळा 1857 साली सुरू झाली आणि तिथल्या शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. त्या पद्धतीत अभ्यासक्रमाच्या तेवीस पायऱ्या आखलेल्या होत्या : आधी भूमिती आणि रेषा, मग छापील नमुन्यांच्या नकला, मग प्लास्टरच्या प्रतिकृती, आणि बऱ्याच पुढे जिवंत माणूस. योगायोग असा की त्याच 1857 साली जॉन रस्किन यांनी नवशिक्यांसाठी रेखाटनावर पुस्तक लिहिले, आणि त्याचा रोख या यांत्रिक शिस्तीच्या विरुद्ध होता. डोळा शिकवला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

कलाशिक्षक : रस्किनचे नाव निघालेच आहे, तर त्या पुस्तकातला पहिला अभ्यासही सांगा. एक लहानसा चौकोन आखायचा आणि टाकाच्या बारीक रेषांनी तो एकसारखा करडा भरायचा. कुठे डाग नको, कुठे पट्टा नको. याला सराव नाही तर काय म्हणायचे?

रेखाटनकार : म्हणायचेच. पण चार पावले पुढे गेले की तेच पुस्तक आभाळासमोर दिसणाऱ्या फांद्या काढायला लावते, आणि मग रस्त्यावरचा गोलसर दगड उचलून आणायला सांगते. आपल्याकडे काळ्या दगडाला तोटा नाही. तो खडबडीत, मंद, न चमकणारा असतो. छायाप्रकाश शिकायला याहून चांगली फुकटची वस्तू नाही.

कलाशिक्षकाचा मुद्दा इथे खरा आहे. एकसारखी छटा भरणे ही वेगळी हातोटी आहे आणि ती वस्तू समोर ठेवून आपोआप येत नाही. पाच चौकोनांची पट्टी आखून पहिला कोरा, शेवटचा पेन्सिलीला जमेल तितका काळा आणि मधले तीन समान अंतराने चढत जाणारे भरावेत. HB पेन्सिलीने शेवटचा चौकोन पुरेसा काळा होत नाही, हेही त्याच वेळी कळते; 2B आणि 6B हाताशी ठेवाव्यात. बहुतेक नवशिक्यांची पट्टी मधल्या करड्यातच घुटमळते, आणि त्यामुळे त्यांचे प्रत्येक चित्र धुरकट दिसते.

वस्तूवर ही पट्टी लावताना मात्र पुन्हा डोळ्याकडेच यावे लागते. खिडकीतून एका बाजूने उजेड येईल असे मातीचे मडके ठेवावे. पितळी तांब्या सुरुवातीला टाळावा, कारण त्याच्या पृष्ठावर अख्खी खोली प्रतिबिंबित होते आणि घनता हरवते. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे पुसले जातात आणि दोनच मोठे प्रदेश उरतात : उजेडाचा आणि सावलीचा. त्यांच्यातली सीमा आधी आखावी. सावलीचा सर्वांत गडद पट्टा मडक्याच्या अगदी कडेला येत नाही, तो थोडा आत असतो. कडेजवळ जमिनीवरून उसळलेला उजेड पुन्हा हलकासा दिसतो. नवशिका हा परावर्तित उजेड पाहून हरखतो आणि तो फार पांढरा ठेवतो. मग मडके पत्र्याचे दिसू लागते. सावलीतला सर्वांत उजळ भागही उजेडातल्या सर्वांत गडद भागाहून काळाच असतो, हा नियम पाळला की ही चूक सुटते.

सोलापूर जिल्ह्यातल्या, मोहोळ तालुक्यातील शिरापूरच्या शशिकांत धोत्रे यांची काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढलेली वास्तववादी चित्रे प्रसिद्ध आहेत. नवशिक्याला त्यांतून एक साधा अभ्यास उचलता येतो. काळा कार्डशीट आणि पांढरी पेन्सिल घेतली की सावली कागदाचीच असते, काढायचा तो फक्त उजेड. पांढऱ्या कागदावर सावल्या खरडण्याची सवय लागलेल्या हाताला उजेडाचाही आकार असतो, हे त्या एका बैठकीत समजते.

कलाशिक्षक : छटेचे मान्य झाले, तर लंबवर्तुळाचेही मान्य करा. वस्तुचित्रात गुण तिथेच जातात. पानभर लंबवर्तुळे काढल्याशिवाय तांब्याचा काठ बसत नाही.

रेखाटनकार : पानभर काढा, पण का काढायची ते आधी दिसू द्या. ताटात कडक भाकरी ठेवा आणि ताट डोळ्यांच्या पातळीपर्यंत उचला. भाकरीची एक रेघच उरते. आता ताट हळूहळू खाली आणा. रेघ फुगत जाते, आणि जमिनीवर ठेवून वरून पाहिले की पूर्ण गोल दिसतो. एवढे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला लंबवर्तुळाचा नियम पाठ करावा लागत नाही.

रेखाटनातल्या सर्व प्राथमिक अडचणींत ही एक सर्वांत उपयुक्त आहे, म्हणून तिच्यापाशी थांबणे योग्य. जमिनीवर ठेवलेल्या सरळ पेल्याचा तळ डोळ्यांच्या पातळीपासून काठापेक्षा अधिक खाली असतो. त्यामुळे तळाचे लंबवर्तुळ काठाच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त फुगलेले असते. नवशिका याच्या नेमके उलट करतो : काठ फुगवतो आणि तळाला सरळ रेघ मारतो, कारण पेला सपाट जमिनीवर बसला आहे हे त्याला ठाऊक असते. दुसरी चूक टोकांची. लंबवर्तुळाची दोन्ही टोके वळलेली असतात. ती कधीच मिटलेल्या ओठांसारखी टोकदार नसतात. तिसरी गोष्ट अक्षाची : पेला आडवा पडला तरी लंबवर्तुळाचा लहान अक्ष पेल्याच्या मधल्या अक्षाच्या दिशेनेच राहतो. हे तपासायला पेल्याच्या मधून एक हलकी रेघ काढावी, आणि पेल्याचा लपलेला मागचा काठही पारदर्शक समजून पूर्ण करावा.

हेच तत्त्व मोठ्या मापात किल्ल्यावर तपासता येते. भुईकोट किल्ल्याच्या गोल बुरुजाच्या पायथ्याशी उभे राहिले की दगडांचे जवळजवळ सगळे थर डोळ्यांच्या पातळीच्या वर असतात आणि ते कमानीसारखे वर वळलेले दिसतात. जितका थर वर, तितकी कमान अधिक. टेबलाखाली ठेवलेल्या मडक्यावर हेच थर खाली झुकतात. एका दिवशी मडके आणि दुसऱ्या दिवशी बुरूज काढणाऱ्याला क्षितिजरेषा म्हणजे स्वतःच्या डोळ्यांची उंची, ही गोष्ट पुस्तकाशिवाय उमगते. इंद्रभुवनसारख्या खिडक्या-कमानींच्या इमारतीकडे मात्र त्यानंतरच वळावे. तिथे तपशील इतका दाट आहे की पाया कच्चा असेल तर नवशिका नक्षीत अडकतो आणि भिंतीच झुकतात.

कलाशिक्षक : नकलेबद्दल तुमच्या लोकांना उगाच तिटकारा असतो. जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली 1872 पासून तेरा वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. चौकोन पाडून मोठे करण्याची पद्धत तर सगळीकडे आहे. सिनेमाच्या फलकांवर चेहरे चढत होते ते चौकोनांच्याच आधाराने. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांनीही मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले. सोलापुरात तर मागावरच्या चादरींचा अख्खा धंदा चौकोनावर चालला.

रेखाटनकार : मागाचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, सर. ग्राफ कागदावरचा एक चौकोन म्हणजे उभा ताणा आणि आडवा बाणा जिथे भेटतात ती एक जागा. तो भरलेला की मोकळा, त्यावरून जकार्ड मागाच्या कार्डाला भोक पडते की नाही ते ठरते आणि ताण्याचा दोरा उचलला जातो. ग्राफवर मोराच्या मानेचे वळण पायऱ्यापायऱ्यांचे होते. मूळ कागदावर ते वळण लंगडे असेल, तर ग्राफ त्याचा लंगडेपणा इमानाने चादरीभर छापतो. चौकोन आकार हलवतात. तो बरा की वाईट, हे ओळखायला शिकवत नाहीत.

आज ग्राफ भरण्याचे काम संगणकावर होते, आणि त्यामुळे रेखाटनकाराचा मुद्दा अधिक ठाशीव बनतो : यंत्राने उचललेला भाग हा हलवण्याचा होता, वळण ठरवण्याचा भाग माणसाकडेच राहिला आहे. तरीही नवशिक्यासाठी चौकोनांचा एक चांगला उपयोग आहे. पुठ्ठ्यात खिडकी कापून त्यावर दोन दोरे आडवे-उभे ताणावेत आणि त्या खिडकीतून समोरचे दृश्य पाहावे. इथे चौकोन कोणाच्या चित्रावर पडत नाहीत, प्रत्यक्षावर पडतात. सिद्धेश्वराच्या देवळाचे शिखर मधल्या दोऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे आणि तलावाच्या पाण्यातले त्याचे प्रतिबिंब बरोबर त्याच्या खाली येते की नाही, हे लगेच दिसते. काही आठवड्यांनी ही खिडकी बाजूला ठेवावी. नक्कलही अशीच वापरावी. आपल्याला न सुटलेली अडचण, समजा कापडाची घडी, एखाद्या जाणकाराने कशी सोडवली हे पाहण्यासाठी केलेली नक्कल फार शिकवते. सुंदर दिसते म्हणून केलेली नक्कल वही भरते.

साहित्याबद्दल दोघांचे एकमत आहे आणि तो विषय लांबवण्यासारखाही नाही. दोन-तीन पेन्सिली, स्वस्त कागद, क्लिप लावलेला बोर्ड. खोडरबर सुरुवातीला दूर ठेवावे, कारण चुकलेली रेषा कागदावर राहिली तरच दुसरी तिच्या तुलनेत दुरुस्त करता येते. महाग वहीत नवशिका घाबरून काढतो.

वेळेबद्दल मात्र पुन्हा मतभेद होतो.

कलाशिक्षक : एक वस्तू दोन तास. घाई केली की सवय बिघडते.

रेखाटनकार : उन्हाळ्यात सोलापूरच्या उन्हात दोन तास कोण बसणार, सर? सकाळी नऊच्या आत उठावे लागते, आणि सावल्याही तेवढ्यात सरकतात. शिवाय माणूस दोन तास थांबत नाही. संक्रांतीच्या दिवसांत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा पाहा. बाराबंदी अंगरखा घातलेला माणूस नंदीध्वजाची ती उंच काठी तोलत चालतो. त्याचे नाक-डोळे काढायला वेळच नसतो. एका मिनिटात फक्त भार कुठे आहे ते काढायचे.

मिनिटाभराचे रेखाटन आणि दोन तासांचे वस्तुचित्र हे एकाच कौशल्याचे कमी-जास्त रूप नाही. लांब बैठकीत माप आणि छटा पक्की होते. मिनिटभरात एकूण आकाराची पकड येते. चालत्या माणसासाठी आधी डोक्यापासून टेकलेल्या पायापर्यंत मणक्याचा कल दाखवणारी एक रेषा, मग खांद्यांचा तिरपेपणा, मग कमरेचा. मानेच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोडला तर एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसात तो साधारण त्याच पायावर येतो. तोल सावरणाऱ्या माणसात तो सतत हलतो, आणि नंदीध्वज पेलणाऱ्याच्या अंगात ही हालचाल ठळक दिसते. खांदे एका बाजूला झुकले की कंबर बहुधा उलट दिशेने झुकते. एवढी तीन-चार निरीक्षणे उतरली तरी काड्यांची आकृती माणूस वाटू लागते. अशा रेखाटनांत रेषा चुकणारच; तिथे कलाशिक्षकाच्या महिनाभराच्या रेषांचा उपयोग खरा होतो, कारण वेळ कमी असताना हात अडखळला तर दिसलेलेही निसटते. म्हणून रेषांचा सराव टाकून देण्याचे कारण नाही. तो वस्तूच्या आधी महिनाभर करण्यापेक्षा रोज वस्तू काढण्यापूर्वी दहा मिनिटे करावा, आणि आदल्या दिवशी जे जमले नाही तेच त्या दहा मिनिटांत घ्यावे : काठ वाकडा आला तर लंबवर्तुळे, छटा डागाळली तर पट्टी, बुरुजाची कड थरथरली तर लांब उभ्या रेषा. कारण माहीत नसताना गिरवलेल्या रेषा नवशिक्याला पहिल्या पंधरवड्यातच कंटाळवाण्या होतात, आणि पुष्कळांचे रेखाटन तिथेच सुटते. ही हानी मोठी आहे, आणि क्रम बदलून टाळता येण्यासारखी आहे.

कलाशिक्षक : हे चालेल. पण मग स्मरणचित्राचे काय करणार? परीक्षेत बाजार, बसस्थानक, जत्रा असे विषय येतात आणि समोर काहीच नसते. तुमची मुले वस्तूशिवाय बसली की हातपाय गाळतील.

रेखाटनकार : स्मरणचित्र मला सगळ्यांत जास्त आवडते, सर, फक्त ते पाठ करून नको. दरवर्षी तीच पाठ केलेली म्हातारी, तोच पाठ केलेला फुगेवाला. मंगळवार पेठेत जायचे, भाजीवाल्याकडे पाच मिनिटे नुसते पाहायचे, वही उघडायचीच नाही. घरी येऊन काढायचे.

बाजारातून परतून काढलेल्या अशा चित्रात कुठे काय नीट दिसले नव्हते, ते उघड होते. तराजूचा काटा आठवतो, पण भाजीवाला तो कोणत्या हातात धरतो ते आठवत नाही. टोपली आठवते, पण ती मांडीला टेकलेली होती की जमिनीला, तिथे कागद कोरा राहतो. ती कोरी जागा तशीच सोडावी, तिच्याशेजारी काय आठवले नाही ते दोन शब्दांत लिहावे, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्याच भाजीवाल्यासमोर उभे राहून आधी तेवढेच काढावे.